नळीच्या पोटात नळी : कॅथेटरला आत धरून कोण ठेवतं?

काठावरचा

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, मनगटातून. आता ठणठणीत आहेत, सोफ्यावर बसून रिमोटवर हक्क गाजवतायत, तेव्हा काळजीचं कारण नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे.

पाऊण तासाचं म्हणून सांगितलेलं काम दोन तासांच्या वर गेलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वायर पाच मिनिटांत गेली हो, पण फुगा काही जाईना. ढकलला की आमचा गाईडच मागे यायचा. शेवटी आत अजून एक नळी घातली तेव्हा कुठे जमलं." मी शहाण्यासारखी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. डिस्चार्जच्या कागदातही एक ओळ आहे: 'गाईड एक्स्टेंशनच्या साहाय्याने स्टेंट बसवला.'

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मनगटापासून हृदयापर्यंत मीटरभर लवचीक नळी. तिच्या आतून दुसरं काहीतरी ढकलायचं. पण जोर लावायला टेकू कुठला? भिंतीला खिळा ठोकताना आपण पाय रोवून उभे राहतो. ही नळी वाहत्या रक्तात पाय कुठे रोवते?

जालावर शोधलं तर कंपन्यांची माहितीपत्रकं तेवढी सापडली. इथे कॅथ लॅबमधलं, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतलं, कुणी आहे का? पायजम्यात नाडी घालायच्या भाषेत सांगितलंत तर उपकार होतील.

निवांत_वाचक

बाबांना शुभेच्छा. मलाही उत्सुकता आहे. वाचतोय.

शिशाचा_एप्रन

मी आहे. चौदा वर्षं कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन. नाडीचं उदाहरण तुम्ही गंमतीत दिलंत, पण ते नेमकं आहे (आणि बाबांच्या बाबतीत तर नाडीतूनच नाडी घातली होती!). नाडी घालताना नुसतं टोक पुढे सारून भागत नाही. दुसऱ्या हाताने नेफा ताणून धरावा लागतो. नेफा सैल सोडला की नाडी आतच गोळा होते आणि टोक जागच्या जागी. आमचं निम्मं काम म्हणजे हा दुसरा हात.

आता खरी गोष्ट. सगळ्यात बाहेरची नळी म्हणजे गाईड कॅथेटर, आम्ही नुसतं 'गाईड' म्हणतो. लांबी साधारण १०० सेंटिमीटर, जाडी बहुतेक वेळा ६ फ्रेंच. फ्रेंच हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरणकाराचं. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे ६ फ्रेंच म्हणजे बाहेरून २ मिलिमीटर. आतली पोकळी १.८ च्या आसपास. म्हणजे भिंत किती पातळ ते बघा, आणि त्या भिंतीतही तीन थर: आत निसरडा टेफ्लॉन, मध्ये स्टीलच्या तारांची वीण, बाहेर प्लास्टिक. वीण असते म्हणून मनगटाशी पीळ दिला की मीटरभर पलीकडे टोक वळतं.

ही नळी मनगटातून दंडात, खांद्यापाशी वळून महाधमनीत उतरते आणि तिचं वाकडं टोक कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या, तोंडात अडकतं. पण त्या तोंडाच्या जिवावर ती उभी नसते. तिच्या बाकाची पाठ महाधमनीच्या समोरच्या भिंतीला टेकलेली असते. शिडी भिंतीला टेकवतो ना, तशी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच: पाय समोरच्या भिंतीवर रोवलेला असतो.

आतून ०.०१४ इंचाची वायर जाते, म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर. ती बारीक, निसरडी, कुठूनही निघते. तिच्यावरून फुगा सरकवायचा. ब्लॉकेज मऊ असेल तर जातो. चुना साठून दगड झालेला असेल किंवा वाहिनी दोनदा वळलेली असेल तर फुग्याचं नाक तिथे ठेचतं. तुम्ही लावलेला जोर जाणार कुठे? उलटा येतो. गाईडची पाठ भिंतीवरून वर सरकते, टोक तोंडातून सुटतं, आणि पडद्यावर सगळी नळी महाधमनीत हताश लोंबकळताना दिसते. नशीब वाईट असेल तर वायरही सोबत बाहेर. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाबांच्या वेळी हेच झालं असणार. "आत अजून एक नळी" म्हणजे गाईड एक्स्टेंशन. ती रोचक चीज आहे. जेवून येऊन लिहितो.

चकटफू

म्हणजे एका नळीचं काम दोन नळ्यांत. बिलावर एक ओळ जास्त. हुशार आहेत कंपन्या.

निवांत_वाचक

चकटफू, जेवून येईपर्यंत तरी धीर धरा हो.

गतीचा_तिसरा

मी यांत्रिकी अभियंता, वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न अस्सल आमच्या गल्लीतला आहे. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. ढकलायची तर ती बकल होणार, म्हणजे मध्येच बाक घेऊन कोसळणार. किती जोराला कोसळेल हे लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. आधाराशिवायची लांबी निम्मी केली की चौपट जोर सोसतो. म्हणून बाहेर नळीचं वेष्टण घालायचं: आतल्या वस्तूला बाजूला पळायला जागाच ठेवायची नाही.

आणि वाकण्याला विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. भिंतीसकट सगळी मापं त्याच प्रमाणात वाढवली तर ६ ची ७ फ्रेंच केल्यावर ताठपणा सुमारे १.८५ पट होतो. मग माझा बाळबोध प्रश्न: नळी सरळ जाड आणि ताठच का बनवत नाहीत? वीण घट्ट केली, काम झालं. नळीत नळी कशाला?

शिशाचा_एप्रन

जेवलो. गतीचा_तिसरा, तुमचं वेष्टणाचं वाक्य मी लॅबच्या फळ्यावर लिहिणार आहे.

जाड नळीचा पहिला अडसर अगदी साधा: मनगटातली धमनीच लहान. ६ फ्रेंच बहुतेकांना चालतं, ७ सगळ्यांना नाही. जांघेतून गेलं तर जाड घालता येतं, पण तिथे रक्तस्रावाची भीती जास्त. मनगटातून कोरोनरीपर्यंत जाण्याचं काम ल्युसियँ काँपो यांनी १९८९ मध्ये मांडलं, तेव्हा फक्त तपासणीसाठी. काही वर्षांतच नेदरलँड्समध्ये फर्डिनांड किमेनेइ यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी आणि स्टेंटही केले. रुग्णाच्या दृष्टीने वरदान. पण आमच्या दुसऱ्या हाताची पंचाईत झाली, कारण नळी बारीक झाली आणि ती आता वेगळ्या दिशेने उतरायला लागली. जुने आकार जांघेतून येणाऱ्या नळीसाठी बेतलेले. जपानच्या युजी इकारी यांनी यावर बारकाईने काम केलं. गाईडचा आधार कशावर अवलंबून, तर नळीची जाडी, समोरच्या भिंतीशी होणारा कोन, आणि भिंतीला ती किती लांब टेकली आहे यावर. कोन काटकोनाच्या जितका जवळ तितका आधार पक्का. त्यांच्या नावाचा आकारच आहे, 'इकारी लेफ्ट'.

आता एक्स्टेंशन. त्याची आधीची पायरी म्हणजे आई आणि मूल: १०० सेंटिमीटरच्या ६ फ्रेंच गाईडच्या पोटातून १२० सेंटिमीटरची ५ फ्रेंच नळी. गाईडच्या पुढे येणारं तिचं मऊ टोक थेट कोरोनरीत उतरवायचं. कल्पना झकास, पण अख्खी लांब नळी आतबाहेर करायची म्हणजे नुसता व्याप. मग कुणीतरी डोकं लावलं: आपल्याला हवा फक्त पुढचा तुकडा, मग मागे नळी कशाला? त्यामुळे आताच्या एक्स्टेंशनला पुढे वीस-पंचवीस सेंटिमीटर नळी आणि मागे नुसती बारीक धातूची काडी. काडीने नळी पुढे सारायची आणि मागे ओढायची. वायर जागची हलत नाही, बाहेरचं सामान सुटत नाही.

हाताला कसं लागतं ते सांगतो. डावा अंगठा आणि तर्जनी गाईडच्या मागच्या वाय-कनेक्टरवर (वाय आकाराचा जोड). उजव्या हाताने काडी हळूच सारायची. ती सहजी जातेय तोवर काही जाणवत नाही. मग टोक वळणाशी येतं आणि काडी किंचित रबरासारखी होते, तुम्ही तीन मिलिमीटर सारता पण पडद्यावर एकच हलतं. तिथे थांबायचं. जोर करायचा नाही. त्या नळीच्या पोटातून छोटा फुगा पुढे काढायचा, तो ब्लॉकेजमध्ये थोडा फुगवायचा, आणि तो फुगा उतरत असताना नळी त्याच्यावरून सारायची. फुगा बसला की तोच नांगर होतो. मग दोरीला धरून होडी पुढे ओढावी तशी नळी आपसूक पुढे येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मास्कच्या आत तोंड उघडं टाकून बघत होतो.

हृद्गत

मी इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजीत आहे. शिशाचा_एप्रन यांचं वर्णन अचूक, पण त्यातला उत्साह जरा आवरतो.

गतीचा_तिसरा, ताठ नळी का नाही याचं खरं कारण जाडी नाही. दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा. कोरोनरीचं तोंड म्हणजे लोखंडी पाईप नव्हे. तिचं आतलं अस्तर कागदासारखं सोलवटू शकतं. ताठ टोक आत दाबून धरलं आणि ते अस्तर फाटलं की रक्त भिंतीच्या थरांत शिरतं. त्याला डिसेक्शन म्हणतात. डाव्या मुख्य वाहिनीच्या तोंडाशी असं झालं तर जीव वाचवायला मिनिटं असतात. त्यामुळे नळीचं टोक मुद्दाम मऊ ठेवतात आणि मागचा भाग ताठ. एकाच नळीला दोन स्वभाव, आणि त्यांच्यातला सांधा कुठे हा प्रत्येक कंपनीचा हातखंडा.

दुसरा धोका आवाज न करता येतो. नळी वाहिनीत जास्त खोल गेली किंवा तोंडाशी घट्ट बसली की ती बुचासारखी होते. मॉनिटरवर दाबाची रेषा डोंगरासारखी उंचसखल असते, ती एकदम टेकडीसारखी चपटी होते. आम्ही म्हणतो 'प्रेशर डॅम्प झालं'. याचा अर्थ खाली रक्त नीट जात नाही. आणि त्याच क्षणी घाईत डाय (एक्स-रेत वाहिनी दिसावी म्हणून सोडायचं द्रव्य) मारला तर तो दाबाने अस्तर सोलू शकतो. शिकत असताना माझ्या हातून हे अगदी थोडक्यात टळलंय. अंगठा सिरिंजवर होता, आणि मागून सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, "सर, रेषा." त्या दिवसापासून मी डायच्या आधी रेषा बघतो, मग पडदा.

तेव्हा आधार फुकट मिळत नाही. जितकं घट्ट धराल तितकं ज्याला धरलंय त्याला दुखवाल.

गतीचा_तिसरा

हे पटलं. म्हणजे टेकू ज्या जमिनीवर द्यायचा ती जमीनच जिवंत आहे.

चकटफू

मला कुणी उत्तर दिलं नाही. आई-मूल, नांगर-होडी सगळं छान. पण ही वस्तू नव्हती तेव्हा लोक काय करत होते? तेव्हाही अँजिओप्लास्टी होतच होत्या ना?

हृद्गत

प्रश्न रास्त आहे, टोमणा वगळून घेतो.

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये जागत्या माणसाच्या कोरोनरीत पहिला फुगा फुगवला. तेव्हाचे गाईड आजच्यापेक्षा बरेच जाड आणि ताठ होते, आणि वायर फुग्याच्याच नाकाला पक्की जोडलेली, वेगळी फिरवता येत नसे. त्यामुळे निवडक, सरळ, जवळचे ब्लॉकेजच करता येत. फुग्याच्या आतून स्वतंत्र फिरणारी वायर नंतर जॉन सिम्प्सन यांनी आणली आणि दूरच्या जागा आवाक्यात आल्या. जागा दूर गेली तसा आधाराचा प्रश्न मोठा झाला.

एक्स्टेंशन येण्याआधी, आणि आजही, बिनखर्चाच्या किंवा कमी खर्चाच्या खटपटी असतात. गाईड वळवून थोडा आत सारायचा, म्हणजे डीप सीटिंग. आकार बदलून जास्त आधाराचा गाईड घ्यायचा. पहिल्या वायरशेजारी दुसरी वायर टाकायची, बडी वायर: ती वाहिनीची वळणं जरा सरळ करते आणि गाईडलाही खिळवते. बाजूच्या एखाद्या लहान फांदीत छोटा फुगा कमी दाबाने फुगवून ठेवायचा, अँकर बलून. तो तिथे पाचर मारून बसतो आणि गाईड मागे सरकू देत नाही. यातली प्रत्येक युक्ती कुठे ना कुठे अंगाशी येऊ शकते. अँकरने ती लहान फांदी दुखावते, डीप सीटिंगचं वर सांगितलंच.

माझं मत असं की हल्ली एक्स्टेंशन जरा लवकरच हातात घेतलं जातं. आधी गाईड नीट निवडा. चुकीच्या गाईडवर एक्स्टेंशन म्हणजे वाकड्या खांबाला रंग.

शिशाचा_एप्रन

सर, इथे थोडा असहमत. तुमच्यासारखे लोक गाईड नीट निवडतात, मान्य. पण मी पाहिलेले लांबलेले प्रोसिजर बहुतेक वेळा "अजून एकदा ढकलून बघू" मध्ये लांबले आहेत. वीस मिनिटं ढकलाढकली, त्यात गाईड चारदा सुटला, डाय किती गेला, किरणं किती गेली, आणि मग एक्स्टेंशन. ते दुसऱ्याच प्रयत्नाला काढलं असतं तर? माणूस टेबलावर जागा असतो हो. काठावरचांचे बाबा दोन तास छताकडे बघत पडले होते.

चकटफू, ही घ्या एक्स्टेंशनच्या विरोधातली माहिती, म्हणजे मी विक्रेता नाही याची खात्री पटेल. काडी आणि नळी जिथे जुळते तिथे एक कॉलर असते. बाहेरून येणाऱ्या स्टेंटला त्या दारातून शिरावं लागतं. गाईड तिथे वळलेला असेल किंवा वायर काडीभोवती गुंडाळली गेली असेल तर स्टेंटची कड त्या कॉलरला अडकते. जोर केला की स्टेंट फुग्यावरून सरकतो किंवा चुरगळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर काढलेल्या स्टेंटची पुढची दोन कडी उसवलेल्या स्वेटरसारखी उभी होती. म्हणून कॉलर कायम गाईडच्या सरळ भागात ठेवायची, आणि अडकल्यासारखं वाटलं तर सारायचं नाही, मागे घेऊन वायर बघायची.

शिवाय त्या नळीची पोकळी गाईडहून बारीक, ६ फ्रेंचमध्ये १.४ मिलिमीटरच्या आसपास. फुगा झटक्यात मागे ओढला तर पिचकारीसारखं मागून हवा आत खेचली जाऊ शकते. कोरोनरीत हवेचा बुडबुडा म्हणजे क्षणात ईसीजी वेडावाकडा. त्यामुळे फुगा सावकाश काढायचा, वाय-कनेक्टर उघडून थोडं रक्त बाहेर येऊ द्यायचं, मगच डाय.

चकटफू

टोमणा मागे. उसवलेला स्वेटर डोळ्यांसमोरून जात नाहीये.

निवांत_वाचक

दोघांनाही दंडवत. वाचनखूण साठवली.

पहाटपाळी

मी ईपी लॅबमध्ये सिस्टर आहे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीवर काम चालतं तिथे. आमच्याकडे आधाराचा प्रश्न जरा उलटा आहे. तुम्हाला काहीतरी पलीकडे न्यायचंय. आम्हाला टोक एकाच ठिकाणी टेकवून ठेवायचंय, आणि ती जागा मिनिटाला सत्तर वेळा उड्या मारते. वर माणूस श्वास घेतो तो वेगळाच.

बोर्दोच्या मिशेल हायसाग्वेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की एट्रियल फिब्रिलेशनच्या (ठोके अनियमित पडण्याचा विकार) ठिणग्या बऱ्याचदा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. त्या तोंडांभोवती उष्णतेने ठिपक्याला ठिपका जोडत कुंपण घालायचं. मध्ये फट राहिली तर करंट तिथून निसटतो आणि काही महिन्यांनी पेशंट परत. फट का राहते? बहुतेक वेळा टोक नीट टेकलेलं नसतं म्हणून. आता कॅथेटरच्या टोकाला दाब मोजणारा सेन्सर असतो आणि पडद्यावर ग्रॅममध्ये आकडा दिसतो. साधारण १० ते २० ग्रॅमच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. कमी झाला तर डाग उथळ. फार जास्त झाला तर भिंत फुटायची भीती, आणि डाव्या कर्णिकेची भिंत काही मिलिमीटरच जाड.

हा आकडा स्थिर राहण्यासाठी आधाराची नळी वेगळी: स्टिअरेबल शीथ. मुठीवरची कळ फिरवली की शीथचं टोक वळतं. आधी नुसत्या कॅथेटरने वरच्या उजव्या शिरेच्या खालच्या कडेला टेकवायचं म्हणजे डॉक्टर अक्षरशः अंग वाकडं करून उभे राहायचे. आता शीथ वळवून दिशेला लावतात आणि आतलं कॅथेटर फक्त पुढेमागे करतात. माझं काम शीथमध्ये सलाईन चालू आहे ना आणि हवा नाही ना हे बघणं. कंटाळवाणं वाटतं, पण डाव्या बाजूला हवा गेली तर ती मेंदूकडे जाऊ शकते.

जनरल ॲनेस्थेशिया दिला तर भूलतज्ज्ञ श्वास लहान आणि जलद ठेवतात, त्यानेही टोक कमी हलतं. थोडक्यात आमच्याकडे भूलतज्ज्ञही आधाराच्या उपकरणांत मोडतात. त्यांना सांगू नका.

तीन_वळणं

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम करणाऱ्या टीममध्ये आहे. नळीच्या पोटात नळीच्या पोटात नळी पाहायची असेल तर आमच्याकडे या. जांघेतून लांब शीथ मानेच्या धमनीपर्यंत, त्यातून एक मऊ मधली नळी कवटीच्या तळापर्यंत, त्यातून मायक्रोकॅथेटर. २०१५ मध्ये एकामागोमाग पाच मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की मेंदूच्या मोठ्या वाहिनीतली गुठळी वेळेत बाहेर काढली तर माणूस पुढे स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हापासून या मधल्या नळ्यांवर प्रचंड काम झालं.

आमचा खरा शत्रू साठलेली लांबी. वाहिनी वळणावळणाची असते, विशेषतः वयस्कर माणसाची. तुम्ही मागून दोन सेंटिमीटर ढकलता, टोक हलत नाही. तुम्हाला वाटतं गेली नाही. ती गेलेली असते, मधल्या वळणांत बाक घेऊन बसलेली असते. मग टोकाची अडचण क्षणभर सुटते आणि ते दोन सेंटिमीटर एकदम पुढे उसळतात. मेंदूतल्या वाहिनीच्या फुगवट्यात कॉईल (बारीक तारेची वेटोळी) भरताना असं झालं तर टोक फुगवट्याच्या पातळ भिंतीतून आरपार. म्हणून मायक्रोकॅथेटर जागेवर पोचल्यावर आम्ही ते किंचित मागे ओढतो आणि बाक काढून टाकतो. नवीन माणसाला हे पटत नाही, इतक्या कष्टाने पुढे नेलेलं मागे का घ्यायचं? मधली नळी जितकी वर नेऊन ठेवाल तितकी ही साठवण कमी. इंजिनिअर साहेबांचं लांबीच्या वर्गाचं गणित इथे रोज भेटतं.

गतीचा_तिसरा

साहेब नको. पण आनंद झाला.

एक विचारायचं होतं. हे सगळे आधार शरीराच्या आत आहेत. बाहेरचं टोक कोण धरतं? दोन तास माणसाचा हात स्थिर राहतो? आमच्याकडे अशा कामाला शिकंजा असतो.

हृद्गत

शिकंजा आहे. मायट्राल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळत असेल तर जांघेतून जाऊन तिच्या दोन पाकळ्या मध्यभागी चिमट्याने जोडतात. मूळ कल्पना ओत्ताविओ आल्फिएरी यांची, ते उघड्या शस्त्रक्रियेत तिथे टाका घालत. नळीतून ते करायचं तर गाईड २४ फ्रेंचचा, म्हणजे तब्बल ८ मिलिमीटर, आणि त्याच्या मुठीवर अनेक खुंट्या. हे धूड हातात धरून मिलिमीटरचं काम होणार नाही. म्हणून पेशंटच्या पायांवर आडवी फळी बसवतात, तिच्यावर स्टँड, आणि स्टँडमध्ये मूठ अडकवतात. एक खुंटी थोडी फिरवायची, हात काढून घ्यायचा, आणि अन्ननलिकेतून घेतलेल्या सोनोग्राफीत बघायचं की पाकळ्यांशी चिमटा कसा उभा आहे.

तिथे आधाराची सुरुवात मात्र स्टँडच्याही आधी होते. दोन कर्णिकांमधल्या पडद्याला भोक कुठे पाडलं त्यावर सगळं अवलंबून. झडपेपासून साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर उंची हवी असते. कमी उंचीवर भोक पडलं तर पुढे कितीही खुंट्या फिरवा, चिमट्याला वळायला जागा नसते. मी एकदा भोकाच्या जागेवर पंचवीस मिनिटं घालवली आणि चिमटा नंतर दहा मिनिटांत बसला. बाहेर नातेवाइकांना वाटत होतं आत काही चालूच झालेलं नाही.

टाका_पट्टी

वॉर्डातून एक प्रतिसाद, कारण आमची कुणी आठवण काढत नाही. प्रोसिजर संपते, पण सेंट्रल लाईनसारख्या (मोठ्या शिरेत घातलेली नळी) नळ्या कित्येक दिवस राहतात. त्या कातडीला टाक्याने शिवायची पद्धत जुनी. आता चिकटपट्टीवर बसवलेली प्लास्टिकची खाच येते, नळीचे पंख तिच्यात अडकवून झाकण लावायचं. टाक्याची भोकं नाहीत म्हणजे जंतूंना तेवढी दारं कमी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही बिनटाक्याच्या उपकरणाची शिफारस आहे. पण घामेजलेल्या कातडीवर ती बसवली की तासाभरात सुटते, आणि दोष उपकरणाला. आधी कातडी कोरडी करा, मग चिकटवा.

काठावरचा

मंडळी, एका ओळीच्या कुतूहलापोटी धागा काढला होता. सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. स्टेंटच्या स्वेटरपाशी त्यांनी मला थांबवलं आणि पाणी मागितलं.

त्यांचा स्वतःचा एक प्रश्न आहे. ते पूर्ण वेळ जागे होते. म्हणतात, "शेवटी शेवटी डॉक्टर दोनदा म्हणाले, खोल श्वास घ्या आणि धरून ठेवा. दुसऱ्या वेळी मी धरला आणि ते ओरडले, गेला गेला! ते कशासाठी होतं?"

शिशाचा_एप्रन

बाबांना नमस्कार सांगा. खोल श्वास घेतला की छातीखालचा पडदा खाली उतरतो, त्याच्याबरोबर हृदय खाली ओढलं जातं आणि जरा उभं, लांबट होतं. खांद्यापासून महाधमनीपर्यंतचं वळण सुटतं, वाहिनीही थोडी ताणली जाते. नेफा ताणून धरला ना, तसंच. फुगा अगदी अर्ध्या सेंटिमीटरसाठी अडलेला असतो तेव्हा कधी कधी तेवढंच पुरतं. नळीत नळी घालूनही जे राहिलं होतं ते त्यांच्या श्वासाने केलं असणार.

हृद्गत

+१. आणि सांगितल्यावर श्वास नीट धरून ठेवणारे पेशंट फार थोडे असतात. बहुतेक जण "धरला" असं सांगायला तोंड उघडतात.

काठावरचा

वाचून दाखवलं. बाबा सोफ्यावर ताठ बसलेत आणि म्हणतायत की मग बिलात त्या दुसऱ्या नळीच्या खाली आपलं नाव का नाही, जरा विचारून ये.